वैजयंताबाई कासार यांनी रंगपंचमीस घर सर केले त्याची हकीकत

श्री वास्तुपुरुषाचे चरणी मस्तक ठेवून, ज्यांस घर आहे त्यांस एक नमस्कार आणि ज्यांस अद्यापि नाही त्यांस दोन नमस्कार करून, लेखकाची विनंती ऐसीजे. स्वामींनी आज्ञा केली की, घर घेते समयी सरकार जो कर घेते तो कशावर, किती, कोणाकडून आणि कोणत्या दिवशीचा, हे रयतेस उमजत नाही, शहाणी शहाणी माणसे ऐन वेळी तोंडात बोट घालून उभी राहतात, तरी एखाद्या घराण्याची खरी हकीकत साद्यंत लिहून पाठवणे. आज्ञा शिरसावंद्य. लेखक त्या दिवशी नोंदणी कचेरीचे बाकावर आपले कामास बसला होता आणि मागील वर्तमान पुढे उभयतां पतिपत्नींचे मुखातून ऐकिले, त्यावरून लिहितो. पदरचा मीठमसाला घातला नाही. घातला असेल तर चवीपुरता. राज्याचे नाव लिहीत नाही. कर सर्वत्र आहे, नाव घेऊन काय करावयाचे?

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी या राज्यात रंगनाथराव कासार म्हणून गृहस्थ सरकारी मोटारींचे आगारात कारागीर होते, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणे सांगावे ऐसे हाताचे पक्के. आणि त्यांचे कुटुंब वैजयंताबाई, पेठेत बांगड्यांचे दुकान चालवीत, मनगट पाहताच माप सांगत, हिशेबातील दोन आण्याचा फरक दिवसभर विसरत नसत. लग्नास एकोणीस वर्षे जाहली आणि एकोणीस वर्षांत नऊ भाड्याची घरे जाहली. या राज्याचा शिरस्ता ऐसा की भाड्याचा कागद अकरा महिन्यांचा. अकरा महिने सरले की मालकाने दारात उभे राहून म्हणावे, भाडे वाढवा नाही तर कूच करा. आणि मग बाईंनी डबे बांधावे, रावांनी टेम्पो आणावा, आणि पुन्हा नव्या पेठेत नवे पाणी भरण्याची वेळ विचारीत फिरावे. नवव्या घराचा मालक तर भिंतीस कॅलेंडर लावू देईना. लेखक म्हणतो, देवाने माणसास भिंत दिली ती काय नुसती पाहावयास?

तेव्हा उभयतांनी मसलत केली आणि चौथे मजल्यावरील एक घर नजरेत भरले, दोन दालने, मुदपाकखाना आणि पूर्वेस सज्जा. धनी देसाई म्हणून वृद्ध गृहस्थ, परमुलखी लेकाकडे जाण्यास निघालेले. मोल ठरले चाळीस लक्ष. बत्तीस लक्ष पेढीने कर्जाऊ देण्याचे कबूल केले आणि आठ लक्ष एकोणीस वर्षांची पुंजी, त्यांपैकी दोन लक्ष इसार म्हणून देसायांचे हाती पडले. देसाई बोलिले, "पाडव्याच्या आठवड्यात मी निघतो. तोवर नोंदणी झाली तर घर तुमचं. नाही तर माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, आणि इसार परत मिळायचा नाही, हे आत्ताच सांगतो." उभयतांनी मान डोलाविली. आता राहिला सरकारचा कर. त्यास पेढी कवडी देत नाही, तो घेणाराने आपले पदरचा भरावा. रंगनाथरावांनी आगारातील एका सोबत्यास पुसिले, तो म्हणाला, "शेकडा पाच. मी स्वतः भरलाय." झाले! रावांनी चाळीस लक्षांवर शेकडा पाच, म्हणजे दोन लक्ष, आणि नोंदणीची फी तीस हजार, आणि लिहिणावळ पाच हजार, ऐसे दोन लक्ष पस्तीस हजार वेगळे बांधून ठेविले आणि निश्चिंत जाहले. सोबत्याने घर खेडेगावात घेतले होते, हे त्याने सांगितले नाही आणि यांनी पुसिले नाही. अडाण्याचे ऐकून औषध घ्यावे तशी ही गोष्ट.

मग राव धुंडिराजशास्त्री जोशी यांजकडे मुहूर्तास गेले. शास्त्रीबोवांनी पंचांग उघडिले, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "रंगनाथराव, तुमची मेष रास. या वद्य पक्षात तुम्हाला एक दिवस धड नाही. पंचमीला तर चंद्र आठवा. पाडवा घ्या. साडेतीन मुहूर्तांतला, त्याला काही बघावंच लागत नाही." राव संतोषले, दक्षिणा ठेविली, घरी येऊन पेढा दिला आणि म्हणाले, "पाडव्याला नोंदणी!" बाई बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवीत होत्या. त्यांनी वर पाहिले आणि एकच प्रश्न केला, "अहो, पाडव्याला कचेरी उघडी असते का?" रावांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेविला. सकल राज्यास पाडव्याची सुट्टी, कचेरीस मोठे कुलूप, हे या भल्या माणसास आणि त्या पंचांगवाल्या शास्त्र्यास, दोघांसही स्मरले नाही. लेखकाने राज्यात पुष्कळ मुहूर्त पाहिले, परंतु बंद दाराचा मुहूर्त हा पहिलाच. राव अंमळ चिडून म्हणाले, "मग दुसऱ्या दिवशी. पाडव्याची वीज काय एका रात्रीत उतरते?"

बाईंचे समाधान होईना. दुसरे दिवशी दुकानाची फळी लवकर ओढून त्या नोंदणी कचेरीपुढील दस्तलेखक भालेराव यांजकडे गेल्या. भालेराव म्हणजे घराचे कागद लिहून देणारा मनुष्य, तीस वर्षे त्याच टपरीत, बोलणे तोडून टाकल्यासारखे परंतु खोटे नाही. बाई म्हणाल्या, "भाऊ, मला कर समजावून सांगा. मी शिकलेली कमी आहे, पण हिशेबाला कच्ची नाही." भालेराव बोलिले, "ताई, तीनच गोष्टी. एक, कर कशावर? तुम्ही मोल ठरवलं चाळीस. सरकारची पण एक वही आहे, रेडी रेकनर. त्यात दर पेठेचा भाव लिहिलेला. तुमचं मोल आणि वहीचं मोल, दोन्हींत जे जास्त, त्यावर कर. आज वहीत तुमचं घर एकोणचाळीस लाखांचं आहे, म्हणून कर चाळीसवर. पण एक एप्रिलला नवी वही निघायचीय, आणि तुमच्या पेठेतनं नवा पूल गेलाय. तुमचं घर चव्वेचाळीसला जाईल असं सगळे म्हणतायत." बाई म्हणाल्या, "आम्ही चाळीस दिले तरी कर चव्वेचाळीसवर?" "चव्वेचाळीसवर. दुसरी गोष्ट, किती? शहरहद्दीत शेकडा सहा. पाच तुम्हाला कोणी सांगितलं त्याला माझा नमस्कार सांगा. जुनं, तयार घर आहे म्हणून जीएसटी नाही, तेवढं नशीब. आणि तिसरी, कोणाच्या नावावर? दोघांच्या नावावर घेतलं तर सहा. नुसत्या बाईच्या नावावर घेतलं तर सरकार एक सोडतं. पाच."

बाईंनी तेथेच बोटांवर गणित मांडिले. उभयतांचे नावे आणि एप्रिलनंतर, तर फी धरून दोन लक्ष चौऱ्याण्णव हजार. उभयतांचे नावे आणि मार्चात, तर दोन लक्ष सत्तर. एकटीचे नावे आणि एप्रिलनंतर, तर अडीच लक्ष. एकटीचे नावे आणि मार्चअखेरचे आत, तर दोन लक्ष तीस हजार. गाठीस दोन लक्ष पस्तीस. चार वाटा, त्यांतील तीन बंद, पाडवा तर एप्रिलात पडलेला. आणि जी उघडी त्या वाटेवर, मार्चात कचेरीत नंबर मिळे तो एकच दिवस पंचमीचा असल्याने, रंगनाथरावांचा आठवा चंद्रही उभा आणि रंगनाथरावांचे नावही आडवे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! उसने मागावे तर नऊ घरे बदललेल्या माणसास शेजार कुठला, आणि सोने तर पूर्वीच पुंजीत गेलेले. बाईंनी भालेरावांस पाच रुपयांचा चहा पाजिला, त्यांनी आकडे टिपून दिलेला कागद घडी करून चोळीत ठेविला आणि घरास आल्या.

त्या दिवशी जेवता जेवता बाईंनी सर्व वर्तमान जसेच्या तसे सांगितले, एक आकडा कमी नाही, एक जास्त नाही. रावांनी वहीची गोष्ट मानिली, शेकडा सहाची गोष्ट कपाळास हात लावून मानिली, आगारातील सोबत्यास दोन शिव्या हासडिल्या. परंतु नावाची गोष्ट आली आणि राव ताटावरून उठले. म्हणाले, "म्हणजे माझं नावच नाही?" बाई म्हणाल्या, "नाव नाही म्हणून तुम्ही घरात नाही का?" "तुला कळायचं नाही. माझ्या बापानं घराच्या कागदावर अवसेला सही केली होती. बिल्डर बुडाला, पैसा बुडाला, आणि बाप भाड्याच्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, रंग्या, तू तुझं नाव लाव एका घराला. एवढंच मागितलं त्यानं. आणि मी काय करू? अवसेसारख्याच दिवशी सही करू, ती पण स्वतःचं नाव खोडून?" बाईंचे डोळे भरले, परंतु त्या मागे हटल्या नाहीत. "मामंजींचं मला वाईट वाटतं हो. पण त्यांना घर पाहिजे होतं का नाव? माझं नाव तर माझ्या बापानंसुद्धा घराला कुठं लावलं होतं? मला घर पाहिजे. मला आता दहाव्यांदा कोणाच्या दारात उभं राहून नळ किती वाजता येतो ते विचारायचं नाही. सांगून ठेवते." दोन दिवस राव डबा आगारात नेत, तोंड वर्तमानपत्रात घालीत. लेखकास राग येतो तो ऐशा पुरुषांचा, परंतु या पुरुषाचे दुःख खरे होते, म्हणून लेखणी आवरतो.

बाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हेत. तिसरे दिवशी त्या थेट धुंडिराजशास्त्र्यांचे ओसरीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मुहूर्त घर घेणाऱ्याच्या राशीनं बघतात की त्याच्या नवऱ्याच्या?" शास्त्रीबोवा म्हणाले, "घेणाऱ्याच्या. हे काय विचारणं?" "मग घेणारी मी. एकटी. माझी वृषभ रास. पंचमी बघा." शास्त्रीबोवांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. म्हणाले, "तुम्हाला चंद्र सातवा. उत्तम दिवस आहे. बाई, हे आधी सांगितलं असतं तर पाडवा कशाला काढला असता?" बाई म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत का कोणाच्या नावावर ते?" शास्त्रीबोवांनी पंचांग मिटिले आणि दक्षिणा निम्मीच घेतली. ही गोष्ट त्या पेठेत आजवर कधी घडली नव्हती.

बाईंनी घरी येऊन रावांस हे सांगितले. रावांनी हं म्हटले आणि वर्तमानपत्राचे पान उलटिले. त्याच सायंकाळी नववा मालक दारात आला आणि म्हणाला, "महिनाअखेर अकरा महिने होतात. पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागेल." आणि गेला. बाईंनी माळ्यावरून सुतळीचे भेंडोळे काढिले, डाळीचा डबा तांदळाचे डब्यावर ठेविला, झाकणावर फडके घातले आणि गाठ मारिली. न पाहता मारिली. नजर भिंतीकडे आणि हात आपला आपला चाललेला. राव खाटेवर बसून पाहत होते. चौथा डबा बांधून होताच ते उठले, बाईंचे हातातून सुतळी घेतली आणि म्हणाले, "राहू दे. पंचमीला जाऊ. तुझ्या एकटीच्या नावानं." बाई म्हणाल्या, "मनापासून म्हणताय?" "नाही," राव म्हणाले, "मनापासून नाही. पण म्हणतोय. मन येईल मागून, जाईल कुठं?" लेखक या उत्तरास शंभर मार्क देतो.

मग काय विचारता! फाल्गुन वद्य पंचमी, रंगपंचमी, शनिवार. दुसरे दिवशी आदितवार आणि त्याचे दुसरे दिवशी नवी वही. वर्षअखेर म्हणून सरकारने कचेरी शनिवारीही उघडी ठेविली होती आणि सकल राज्य त्या दारावर लोटले होते. बाई हिरवे लुगडे नेसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून निघाल्या. राव धुतलेला सदरा. मागे देसाई, छत्री घेऊन. आणि गल्लीगल्लीत पोरे पिचकाऱ्या रोखून उभी. चौकात एका फवाऱ्याने रावांचा सदरा गुलाबी जाहला. बाईंनी कागदांची पिशवी पदराखाली धरिली होती, ती मात्र कोरडी राहिली. आठ वाजता भालेरावांचे टपरीत पोचले आणि भालेरावांनी कर भरून घेतला, दोन लक्ष, पावती छापिली, बाईंनी आणि देसायांनी कागदावर सह्या केल्या. मग कचेरीत शिरले. नंबर एकेचाळीसावा. अठ्ठावीसपर्यंत गाडे नीट चालले आणि अठ्ठाविसावर यंत्र बंद पडले. सर्व्हर डाऊन. एक घटका गेली, दोन गेल्या, चार गेल्या. लोक घामाघूम, कोणी देवाचे नाव घेई, कोणी सरकारचे. रंगनाथराव बाईंचे कानाशी येऊन कुजबुजले, "बघितलंस? आठवा चंद्र!" बाई म्हणाल्या, "आठवा तुमचा. माझा सातवा आहे. बसा गुपचूप." शेजारील बाकावर लेखक बसला होता, त्यास हसू आवरेना. भालेराव आत डोकावून म्हणाले, "ताई, घाबरू नका. कर आजचा भरलाय, सही आजची आहे. आता नवी वही आली तरी तुम्हाला शिवत नाही. नोंदणीला कायद्यानं चार महिने आहेत. पण देसाईसाहेब निघालेत, तेव्हा आजच उरकलं तर बरं." हे ऐकताच पाचपन्नास माणसांचा जीव एकदम भांड्यात पडला, कारण ही गोष्ट त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हती.

तिसरे प्रहरी यंत्र जागे जाहले आणि एकेचाळीसचा पुकारा जाहला. निबंधकसाहेब, म्हणजे कागदावर सरकारचा शिक्का करणारे अधिकारी, सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसलेले. त्यांनी देसायांस पुसिले, पैसे पावले का, घर राजीखुशीने देता का. देसाई हो म्हणाले. बाईंचे छायाचित्र निघाले, अंगठा निघाला. मग साहेब म्हणाले, "ओळखणारे कोण?" कारण या राज्याचा कायदा ऐसा की, घेणारी ती हीच, हे सांगणारे साक्षी पाहिजेत. एक भालेराव उभे राहिले. दुसरे रंगनाथराव, गुलाबी सदरा घालून. साहेबांनी सदऱ्याकडे पाहिले आणि सोडून दिले, त्या दिवशी अर्धे राज्यच गुलाबी होते. पुसिले, "या बाईंना ओळखता?" "ओळखतो." "किती वर्षं?" "एकोणीस." "नातं?" "नवरा." साहेबांनी मान वर केली. "नवरा? मग तुमचं नाव घेणाऱ्यांत नाही?" मागील रांगेने माना उंचाविल्या. बाईंनी पदराचे टोक मुठीत धरिले. राव म्हणाले, "नाही साहेब. मीच नको म्हटलं. घर हिनं घेतलंय." साहेबांनी लिहिले आणि म्हणाले, "पत्ता सांगा."

रावांचे नऊ पत्ते जिभेशी आले असतील. मग ते ताठ उभे राहून, सगळ्या कचेरीस ऐकू जाईल ऐशा आवाजात म्हणाले, "लिहा साहेब. हिच्या घरी राहतो." साहेब म्हणाले, "अहो, घर अजून त्यांचं व्हायचंय, शिक्का माझ्या हातात आहे. आधार कार्डावरचा पत्ता सांगा." राव म्हणाले, "तो सहाव्या घराचा आहे साहेब. त्या मालकानं हाकलूनसुद्धा सात वर्षं झाली. आणि आत्ता राहतो ती खोली उद्या सोडायची आहे. माझ्याकडे दुसरा पत्ता नाही. खरंच नाही." आणि त्या ताठ माणसाने गुलाबी बाहीने डोळे टिपिले. बाई रडू लागल्या. निबंधकसाहेबांनी क्षणभर दोघांकडे पाहिले, लेखणी ठेविली आणि शिक्का उचलून आधी बाईंचे कागदावर मारिला. मग वही पुन्हा पुढे ओढून म्हणाले, "हं. झालं घर त्यांचं. आता सांगा पत्ता."

येणेप्रमाणे वैजयंताबाईंनी घर सर केले. रयतेने इतुकेच ध्यानी धरावे की, कर मोलावर नव्हे, मोल आणि सरकारी वही यांत जे थोर त्यावर. दिवस पंचांगाचा पाहावा परंतु वहीचा त्याहून आधी पाहावा. नाव कोणाचे घालावयाचे ते घरात बसून ठरवावे, कचेरीचे दारात नव्हे. आणि सोबत्याचे ऐकून पैसे बांधू नयेत. पाच हजार उरले, भालेरावांनी लिहिणावळ कमीच घेतली, ती वजा जाता उरलेल्याचे पेढे वाटिले, ते लेखकासही पावले. हल्ली रंगनाथराव आगारात कोणी पत्ता पुसिला तर इंजिनातून डोके वर काढून तोच, हिच्या घरी राहतो, ऐसा सांगतात, आणि दोनदा सांगतात. येथे लेखणी ठेविली.